यंत्र बिघडले म्हणून हक्क का बुडावा?

२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणुकीचे मतदान झाले. मेअखेरचे पूर्व विदर्भातील ऊन काय असते हे सांगावयास नको. आपले मत कोणाला गेले हे मतदाराला कागदाच्या चिठ्ठीवर दाखविणारी व्हीव्हीपॅट यंत्रे त्या दिवशी ठिकठिकाणी बंद पडली. रांगा खोळंबल्या, पक्षांनी तक्रारी केल्या, उन्हाने यंत्रे बिघडली असे कारण पुढे आले. कारण काहीही असो. निवडणूक आयोगाने ४९ मतदान केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला आणि ३० मे रोजी ते पार पडले. त्या केंद्रांवरील मतदारांना कोणी असे म्हटले नाही की, यंत्र चालले नाही, सबब तुमचे मत बुडाले. आता पुढच्या निवडणुकीस या.

या प्रसंगातील तत्त्व साधे आहे. यंत्र राज्यसंस्थेने आणले. ते बिघडले तेव्हा बिघाडाची किंमतही राज्यसंस्थेनेच मोजली. नागरिकाचा हक्क यंत्राहून वडील ठरला. भंडारा जिल्ह्याने मतदानापुरते हे तत्त्व अमलात आलेले पाहिले आहे. परंतु त्याच जिल्ह्यातला तोच मतदार रेशन दुकानात, धानखरेदी केंद्रावर, दाखल्याच्या खिडकीपाशी अथवा रोजगाराच्या कामावर जातो, तेव्हा हे तत्त्व उलटे होते. तेथे यंत्र बिघडले की हक्क बिघडतो. 'अंगठा लागत नाही', 'सर्व्हर डाऊन आहे', 'पोर्टल बंद आहे' ही तीन वाक्ये आज ग्रामीण महाराष्ट्रात शासनाच्या आदेशासारखी उच्चारली जातात, आणि त्यांच्याविरुद्ध अपील कोठे करावयाचे हे कोणासही सांगता येत नाही. माहिती तंत्रज्ञानाने जनतेची सेवा सुधारेल की नाही, हा प्रश्न अखेरीस याच एका मुद्द्यावर येऊन ठेपतो: यंत्राच्या चुकीची किंमत कोणी द्यावयाची?

सत्ताधाऱ्यांच्या भाषणांत या प्रश्नाला जागा नाही. 'किमान सरकार, कमाल कारभार' या घोषणेखाली प्रत्येक योजनेला एक पोर्टल, प्रत्येक पोर्टलला एक ॲप आणि प्रत्येक ॲपला एक उद्घाटन समारंभ, असा क्रम चालू आहे. घरबसल्या सेवा मिळेल असे आश्वासन दिले जाते. ज्याच्या घरी वीज, चांगला फोन, भरलेले रिचार्ज आणि इंग्रजी वाचणारा मुलगा आहे, त्याला ती कधी कधी मिळतेही. प्रश्न उरलेल्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. एखादे यंत्र शंभरांपैकी नव्याण्णव वेळा बरोबर चालते असे अभियंत्याने सांगितले, तर सभागृहात टाळ्या पडतील. परंतु शंभरातील तो एक म्हणजे या एका जिल्ह्यात बारा हजार माणसे होतात. ही बारा हजार माणसे कोण असतात? धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात हात घालणारी बाई, विडी वळून बोटांच्या रेषा झिजलेली कामगार, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत उमेद गेलेला मजूर, ऐंशी वर्षांचा निराधार म्हातारा. ज्यांच्या हातांनी राबून बोटांची ओळख पुसली, त्यांनाच यंत्र 'तुमची ओळख पटत नाही' असे सांगते. यंत्राची चूक सर्वांवर सारखी वाटली जात नाही. ती उतरंडीच्या तळाशी साचते.

हे भय काल्पनिक नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी भुकेने मरण पावली असे तिच्या आईने सांगितले. रेशनकार्ड आधारला जोडलेले नसल्याने त्या घराचे धान्य काही महिने बंद झाले होते. मृत्यूचे कारण दुसरे आहे असे शासन सांगत राहिले. परंतु धान्य बंद होते ही गोष्ट नाकारता आली नाही. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना बजावले की, केवळ आधार जोडलेला नाही किंवा बोटांचे ठसे जुळत नाहीत एवढ्यावरून कोणालाही धान्य नाकारू नये. अशांची वेगळी नोंद ठेवून धान्य द्यावे. सूचना उत्तम होती. पण सूचना आणि हक्क यांत अंतर असते. सूचना मोडली तर कोणाला दंड होत नाही, आणि दुकानदाराच्या दृष्टीने पर्यायी नोंदवही उघडण्यापेक्षा 'उद्या या' म्हणणे सोपे असते. जो नियम मोडल्यास कोणाच्या खिशाला झळ लागत नाही, तो नियम नसून सदिच्छा होय.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने कर्जमाफी जाहीर केली. ३४ हजार २२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी असे आकडे तेव्हा सांगण्यात आले. कर्जाच्या नोंदी बँकांकडे होत्या, जमिनीच्या नोंदी महसूल खात्याकडे होत्या. तरीही प्रत्येक शेतकऱ्याने आपले कर्ज आपणच ऑनलाइन अर्ज भरून सिद्ध करावे असे ठरले. ऐन पावसाळ्यात शेतीची कामे टाकून शेतकरी पती-पत्नी सेवा केंद्रांपुढे रात्रंदिवस रांगा लावून बसले. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या मुहूर्तावर समारंभाने प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांत घोळ असल्याचे निष्पन्न झाले. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. यंत्रणेची चूक होती. थांबावे मात्र शेतकऱ्याला लागले, आणि थांबण्याच्या काळातले व्याज त्याच्या डोक्यावर चढत राहिले.

आठ वर्षांनी हाच प्रयोग स्त्रियांवर झाला. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत विधानसभा निवडणुकीपूर्वी अर्ज झपाट्याने मंजूर झाले. त्या घाईत १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांत पैसे गेल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले. निवडणूक होऊन गेल्यावर शासनाला काटेकोरपणा आठवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची झाली. तीत स्वतःच्या आधारबरोबर पतीचे अथवा पित्याचे आधारही पडताळावयाचे होते. ज्या योजनेने विधवा, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांना पात्र ठरविले, त्याच योजनेच्या पोर्टलने त्यांच्याकडे नवरा किंवा बाप मागितला! ओरड झाली, मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली, अशा स्त्रियांसाठी वेगळी वाट काढावी लागली. परंतु पोर्टल बांधताना ही स्त्री कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हती, हे त्यातून दिसले ते दिसलेच. संगणक तटस्थ असतो असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. संगणक त्याला मांडून दिलेल्या रकान्यांपुरतेच पाहतो, आणि रकाने मांडणाऱ्याचे पूर्वग्रह त्यात जसेच्या तसे उतरतात.

धानाकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. भंडारा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेचे खोरे, माजी मालगुजारी तलाव आणि त्यांखालच्या बांध्या यांवर येथील संसार चालतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २ हजार ३६९ रुपये ठरली. ती मिळावयाची तर शेतकऱ्याचे नाव पोर्टलवर नोंदलेले हवे. नोंदीसाठी सातबारा हवा, सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ही पीकपाहणी पूर्वी तलाठ्याचे काम होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, फोनवर छायाचित्र घेऊन ती नोंद करावी असे ठरले. एप्रिल २०२५ पासून योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. प्रत्येक पायरीला काही तरी समर्थन आहे. परंतु या सर्व पायऱ्या ज्या पायावर उभ्या आहेत तो सातबाऱ्यावरील मालकीचा आहे. ठेक्याने किंवा बटईने दुसऱ्याची बांधी कसणाऱ्याचे नाव तेथे नसते. नवऱ्याच्या नावावरील शेतात आयुष्य घालविणाऱ्या बाईचे नसते. वनहक्काचा दावा अद्याप निकालात न निघालेल्या आदिवासीचे नसते. कागदाच्या काळात हा अन्याय होताच. पण गावातील तलाठी शेत कोण कसतो हे निदान डोळ्यांनी पाहू शकत असे. पोर्टलला डोळे नाहीत. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेवर ज्या चळवळीची पिढी वाढली, तिने 'नोंदेल त्याचे धान' ही व्यवस्था मुकाट्याने स्वीकारावी काय?

शिवाय पोर्टलने गोदाम बांधले जात नाही. बारदाना नसेल, साठवणुकीस जागा नसेल, ग्रेडर वेळेवर येत नसेल, चुकारे महिनोन्‌महिने रखडत असतील, तर ऑनलाइन नोंदणीने शेतकऱ्याची रांग कमी होत नाही; ती फक्त दिसेनाशी होते. खरेदी केंद्रापुढची बैलगाड्या-ट्रॅक्टरांची रांग वृत्तपत्राच्या छायाचित्रात येते, अधिकाऱ्याला बोचते. घराघरांत फोनकडे पाहत बसलेल्यांची रांग कोणाला दिसत नाही. गरजू शेतकरी तोवर थांबू शकत नाही. तो व्यापाऱ्याला पडत्या भावाने धान देऊन मोकळा होतो. मग तेच धान दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर केंद्रात जाते, ही या भागातील जुनी तक्रार आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत येथे काय घडते? के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. कारखानदार स्वस्तात उत्पादन करतो, कारण धुराचा खर्च तो शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर आणि सांडपाण्याचा खर्च नदीवर ढकलतो. हा खर्च त्याच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून नाहीसा होत नाही, असे त्याने मांडले. आजचे शासन नेमके हेच करीत आहे. तलाठ्याचे काम शेतकऱ्यावर, कारकुनाचे काम अर्जदारावर, पडताळणीचे काम म्हातारीच्या अंगठ्यावर ढकलले जाते. रिक्त पदे भरली जात नाहीत. शासनाच्या अंदाजपत्रकात बचत दिसते. परंतु लाखांदूर तालुक्यातील एखादी मजूर बाई एका दाखल्यासाठी तीन वेळा तालुक्याला गेली, तर तिची तीन दिवसांची मजुरी, बसभाडे, सेवा केंद्राचे शुल्क आणि सोबत नेलेल्या मुलाचा बुडालेला शाळेचा दिवस, हे कोणत्या ताळेबंदात लिहिले जाते? कोठेच नाही. शासनाने वाचविलेला प्रत्येक रुपया तिच्या पदरातून किती रुपये घेऊन गेला, याचा हिशेब कोणत्याही खात्याने कधी मांडलेला नाही; आणि तो मांडल्यावाचून 'कार्यक्षमता वाढली' असे म्हणणे हा अर्धवट हिशेब आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, समाजवाद्यांचा यंत्रालाच विरोध आहे. हा आक्षेप इतिहासाच्या अज्ञानातून येतो. डॉ. राममनोहर लोहिया यांनी यंत्र नाकारले नाही. माणसाच्या आटोक्यात राहणारे, लहान घटकाला पेलणारे यंत्र हवे असे त्यांचे म्हणणे होते. १९७७ मध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम त्यांनीच आणला, आणि आरक्षणाच्या संगणकीकरणाचा विचारही त्यांच्याच कारकीर्दीत पुढे सरकला. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. खिडकीमागील बाबूच्या मर्जीवर चालणारी वही गेली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज पंधरा रुपयांत मिळतो. त्यासाठी तलाठ्याच्या दारी खेटे घालणे आणि त्याचा चहा-पाणी पाहणे टळले, हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. यंत्र जेथे मधल्या दलालाची आणि बाबूची मनमानी कमी करते तेथे त्याचे स्वागतच आहे. तक्रार आहे ती यंत्रालाच नवा बाबू बनविण्याबद्दल. जुन्या बाबूशी निदान भांडता येत होते.

दुसरा आक्षेप गळतीचा. खोटी नावे, बोगस लाभार्थी, दुबार कार्डे यांना आळा घालावयाचा तर कडक पडताळणी हवीच, असे सांगितले जाते. गळतीचा विरोध समाजवाद्यांइतका कोणी केला नसेल. परंतु पडताळणीचे यंत्र चोराला खरोखर अडविते काय? रोजगार हमीच्या कामांवर हजेरीसाठी मोबाइल ॲपची पद्धत १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीची करण्यात आली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र चढवावयाचे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की, असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्रांचीच छायाचित्रे चढविली जात आहेत. चोराने यंत्राला वळसा घातला. नेटवर्क नाही म्हणून ज्याची हजेरी लागली नाही त्या मजुराची मजुरी मात्र बुडाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ चा तो रोजगार हमी कायदाच बाजूला सारून दुसरा आणला, आणि हजेरीच्या यंत्रावरील विश्वास मात्र जसाच्या तसा ठेवला. पडताळणीत दोन प्रकारच्या चुका होतात: अपात्राला लाभ मिळणे आणि पात्राचा लाभ तुटणे. पहिल्या चुकीने तिजोरीचे नुकसान होते, दुसरीने चूल विझते. या दोन चुका एकाच तागडीत तोलणारे शासन हिशेबात पक्के असेल. ते न्यायी मात्र नव्हे.

आणखी एक गोष्ट कामगार चळवळीने दृष्टीआड करता कामा नये. घरबसल्या सेवेमागे कोणी तरी राबत असते. २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक परिचालक नेमले गेले. शासनाचे काम, गावाचे काम, पण नेमणूक कंपनीमार्फत; मानधन तुटपुंजे आणि तेही रखडणारे. किमान वेतन आणि कर्मचाऱ्याचा दर्जा यांसाठी हे तरुण वर्षानुवर्षे आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे नेत आले आहेत. अंगणवाडी सेविकांची कथाही तीच. पोषणाची नोंद करण्याचे केंद्राचे ॲप २०२१ मध्ये इंग्रजीत त्यांच्या हाती आले, फोन निकृष्ट होते, काम वाढले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. त्या आंदोलनात भाषेचा प्रश्न होता, श्रमाचा होता आणि प्रतिष्ठेचाही होता. लोकांच्या भाषेत न बोलणारे राज्य लोकांचे नसते हे लोहियांनी साठ वर्षांपूर्वी सांगितले. आता ते राज्य फोनच्या पडद्यातून इंग्रजीत बोलते एवढाच फरक.

मग तंत्रज्ञानाचा उपयोग कोठे करावा? उत्तर राजस्थानने दाखविले आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९६ मध्ये ब्यावर येथे धरणे धरून कामांचे हिशेब आणि हजेरीपट पाहण्याचा हक्क मागितला. त्या चळवळीतून आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांतील आंदोलनांतून २००५ चा माहितीचा अधिकार आला. १३ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थानात जनसूचना पोर्टल सुरू झाले. अर्ज न करता कोणत्या दुकानात किती धान्य आले, कोणत्या योजनेत गावातील कोणाचे काय झाले, हे तेथे पाहता येऊ लागले. संगणक तोच, पण त्याचे तोंड फिरविलेले. येथे जनतेची झडती शासन घेत नाही. शासनाची झडती जनता घेते.

भंडाऱ्याला याची किंमत वेगळ्या रीतीने कळली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागून दहा बालके दगावली. अग्निशमन व्यवस्थेचा प्रस्ताव मंजुरीच्या प्रतीक्षेत पडून होता, असे तेव्हा वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. चौकशी झाली, निलंबने झाली. परंतु त्या कक्षात बाळ ठेवणाऱ्या मातेला, रुग्णालयाची अग्नितपासणी झाली आहे की नाही, प्रस्ताव कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे, हे पाहण्याची सोय होती काय? रोहयोच्या मजुराची हजेरी दिवसातून दोनदा पाहण्याची हौस असलेल्या शासनाला, आपल्याच फायलींची हजेरी लोकांना दाखविण्याची हौस का नसावी? गरिबाचा अंगठा क्षणात मंत्रालयात पोचतो. मंत्रालयातील फाईल मात्र जिल्ह्याला दिसत नाही. माहिती तंत्रज्ञानाचा आजचा सारा प्रवाह असा एकतर्फी आहे.

सुदैवाने महाराष्ट्रात कायद्याचा पाया घातलेला आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. मुदत चुकविणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पण या कायद्याला एक भगदाड आहे. मुदतीचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. यंत्र बंद असेल, अंगठा जुळत नसेल, पोर्टल अर्जच घेत नसेल, तर अर्ज दाखल झाला नाही. आणि अर्ज दाखल झाला नाही तर घड्याळही सुरू झाले नाही. अधिकारी निर्दोष, यंत्र निर्दोष, दोषी कोण? तर परत गेलेला माणूस!

हे भगदाड बुजविणे हीच या क्षेत्रातील पहिली समाजवादी मागणी असली पाहिजे. तिचे स्वरूप स्पष्ट असावे. पहिले, नागरिक खिडकीशी आला तोच अर्जाचा क्षण; यंत्र बंद असल्यास हाताने लिहिलेली, तारीख व वेळ असलेली पोच देणे बंधनकारक करावे. दुसरे, ओळख न पटल्यास त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, नोंदवहीत सही किंवा साक्षीदार घेऊन सेवा द्यावी. पडताळणी नंतर शासनाने आपल्या खर्चाने करावी. तिसरे, यंत्राच्या दोषाने रिकाम्या हाती परतलेल्या प्रत्येकाला त्या दिवसाची किमान मजुरी भरपाई म्हणून मिळावी. ही कल्पना नवी नाही. मागणी करूनही काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्यातच मान्य केले होते. चौथे, कोणत्या दुकानात, केंद्रात, कार्यालयात महिन्यात किती वेळा यंत्र फसले, किती लोक परतले आणि किती भरपाई दिली, याची मराठीतील यादी फलकावर लागावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. पाचवे, या यंत्रांमागे बसणाऱ्या परिचालकांना किमान वेतन आणि नोकरीची शाश्वती मिळावी.

यास पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. या प्रश्नाचे उत्तर शासनाच्याच दाव्यात आहे. यंत्रे जवळजवळ कधीच चुकत नाहीत असे शासन म्हणते. ते खरे असेल तर भरपाईचा बोजा नगण्य आहे आणि ती देण्यास हरकत नसावी. बोजा अवजड होईल अशी भीती वाटत असेल, तर यशाचे आकडे खोटे आहेत, असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. शिवाय किंमत शासनाच्या गळ्यात पडू लागली की यंत्र सुधारण्याची निकड शासनाला वाटू लागेल. आज ती वाटत नाही, कारण चुकीचा खर्च दुसराच कोणी सोसतो.

भंडाऱ्याचा आणि समाजवादी चळवळीचा संबंध जुना आहे. १९५४ च्या ज्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला, त्याच पोटनिवडणुकीत येथूनच अशोक मेहता प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेवर गेले. त्याच अशोक मेहतांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ मध्ये पंचायत राज्यासंबंधी अहवाल देताना जिल्हा हा सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा पहिला टप्पा मानला. लोहियांच्या चौखंबा राज्यातही गाव आणि जिल्हा हे दोन स्वतंत्र खांब आहेत. आज साऱ्या नोंदी दिल्लीच्या आणि मुंबईच्या यंत्रांत जातात. तहसीलदारालाही एखादे नाव दुरुस्त करावयाचे तर 'वरून होईल' असे सांगावे लागते. जिल्ह्याला स्वतःच्या नोंदी तपासण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि लोकांपुढे मांडण्याचा अधिकार नसेल, तर चार खांबांच्या जागी एकच खांब उरतो, आणि बाकी सारे त्याला बांधलेले दोर.

तेव्हा भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम उघड आहे. प्रत्येक गावातील रेशन दुकान, धानखरेदी केंद्र आणि सेवा केंद्र यांपाशी महिनाभर वही घेऊन बसावे. कोण आले, कशासाठी आले, कोणते कारण सांगून परत पाठविले, मजुरी किती बुडाली, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. माणसाची सही किंवा अंगठा घ्यावा. कागदावर तो अंगठा उमटतो. ही वही ग्रामसभेत वाचावी, तहसीलदाराला द्यावी, लोकसेवा हक्क आयोगाकडे पाठवावी, आणि कायद्यातील दुरुस्तीसाठी नागपूरच्या अधिवेशनावर जावयाचे तर ती हाती घेऊन जावे. शासनाकडे कोट्यवधी नोंदी आहेत. परत गेलेल्या माणसाची नोंद मात्र त्यांत नाही. ती नोंद ठेवणे हे काम चळवळीचे आहे, आणि ते कोणत्याही पोर्टलवर सोपविता येणार नाही.